सोडायचं दोघांनाही होतं

१९५५ ते १९६० या वर्षांत मुंबई राज्याचं घोडं नेमकं कुठे अडलं होतं, असं विचारलं तर शाळेपासून पाठ असलेलं उत्तर येतं : मराठी माणसाला मुंबईसह महाराष्ट्र हवा होता आणि दिल्लीला तो द्यायचा नव्हता. उत्तर खोटं नाही, अपुरं आहे. गुजराती मुलखालाही बाहेरच पडायचं होतं. अहमदाबादेत ८ ऑगस्ट १९५६ ला काँग्रेस भवनापाशी गोळीबार झाला, विद्यार्थी मेले आणि इंदुलाल याज्ञिकांची महागुजरात चळवळ पेटली. मोरारजी देसाई समजूत काढायला गेले, तर लोकांनी दारं लावून घेतली. ‘जनता कर्फ्यू’ हा शब्द तेव्हाचा. म्हणजे दोन्ही भावांना वाटणी हवी होती. तरी पुढची साडेतीन वर्षं एका छपराखाली काढावी लागली, कारण राहतं घर एकच होतं, आणि ते घर म्हणजे मुंबई.

*

ब्रिटनचं उलट. युरोपीय संघाने त्यांना धरून ठेवलंच नव्हतं. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के मतदार ‘बाहेर’ म्हणाले. संघ म्हणाला, ठीक आहे, कोणत्या अटींवर जाता ते ठरवून या. ते ठरेना. ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन एकदाचं बाहेर पडलं, म्हणजे इथेही साधारण साडेतीन वर्षं गेली. मुंबईचं द्विभाषिक राज्य १ नोव्हेंबर १९५६ ते १ मे १९६० असं टिकलं. एकीकडे जाऊ देत नाहीत म्हणून खोळंबा, दुसरीकडे जाता येत नाही म्हणून. मुदत मात्र जवळपास तीच.

*

२०१९ चा मार्च. गिरगावातल्या एका खानावळीत भिंतीवरच्या टीव्हीवर ब्रिटिश संसद चालू होती. सभापती जॉन बर्को ‘ऑर्डर, ऑर्डर’ असं घसा ताणून ओरडत होते आणि सोलकढीच्या वाट्या फिरवणारा पोऱ्या ते पाहून हसत होता. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा त्याला म्हणाले, “हसतोस काय बाळा? आमचं छप्पन्न साल असंच गेलं. फक्त आमच्याकडे ओरडायला पगारी माणूस नव्हता, आम्ही फुकट ओरडायचो.”

*

२७ मार्च २०१९ च्या संध्याकाळी लंडनच्या खासदारांनी एकाच बैठकीत आठ पर्याय मतांना टाकले. कराराविना बाहेर पडा, सीमाशुल्क संघात राहा, पुन्हा लोकांना विचारा, सगळंच रद्द करा, असे. आठही पडले. सीमाशुल्क संघाचा पर्याय अगदी थोड्या मतांनी हुकला. १ एप्रिलला तो परत आणला तेव्हा ३ मतांनी. त्याआधी १५ जानेवारीला थेरेसा मे यांचा करार ४३२ विरुद्ध २०२ असा आपटला होता. ‘नको’ म्हणायला बहुमत रोज हजर, ‘हे हवं’ म्हणायला एकदाही नाही.

*

आपले पर्याय मोजून पाहावेत. ऑक्टोबर १९५५ : फाजल अली आयोगाचा अहवाल आला. गुजरात आणि महाराष्ट्र एकत्र ठेवा, विदर्भ वेगळा काढा. शंकरराव देवांच्या संयुक्त महाराष्ट्र परिषदेला ते मान्य नाही. नोव्हेंबर १९५५ : काँग्रेस कार्यकारिणीने तीन राज्यांची तोड काढली. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, मुंबई शहर वेगळं. ही लालबाग-परळला मान्य नाही. १६ जानेवारी १९५६ : पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील. शहर पेटलं. जून १९५६ : मुंबईतच काँग्रेस महासमितीची बैठक भरलेली असताना नेहरू म्हणाले, पाच वर्षं केंद्राकडे राहू द्या, मग पाहू. कुणीच समाधानी नाही. ऑगस्ट १९५६ : कच्छपासून चांद्यापर्यंत सगळं एकत्र करून विशाल द्विभाषिक. आता अहमदाबाद पेटलं.

वर्षभरात पाच तोडगे, आणि प्रत्येक तोडगा मोडून काढण्याइतकी ताकद कुणाकडे ना कुणाकडे होतीच.

*

द्विभाषिकाचा हा पाचवा तोडगा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. काँग्रेसच्या बैठकांत त्याचं नाव येऊन गेलं होतं खरं. पण शिवाजी पार्कवर ‘आम्हाला द्विभाषिक पाहिजे’ असं कुणी कधी ओरडलं नाही, अहमदाबादच्या भद्रलाही नाही. सगळ्यांना ते सारखंच नकोसं होतं, म्हणूनच ते मंजूर झालं. त्यात कुणाची जीत नव्हती, त्यामुळे कुणाची उघड हारही नव्हती. दिल्लीच्या राजकारण्यांना असा तोडगा फार आवडतो, कारण तो रागाची समसमान वाटणी करतो. त्याची खोट दुसऱ्या दिवशी कळते. जे राज्य कुणीच मागितलेलं नाही, ते राखायला कोण उभं राहणार?

*

२० नोव्हेंबर १९५५, रविवार. गिरगाव चौपाटीवर काँग्रेसची सभा. आदल्या दोन दिवसांत सेनापती बापटांसारख्या सत्तरी ओलांडलेल्या माणसापासून गिरण्यांतल्या पोरांपर्यंत लोक रस्त्यावर आलेले होते. व्यासपीठावर मुख्यमंत्री मोरारजी देसाई आणि मुंबई काँग्रेसचे स. का. पाटील. पाटलांनी सांगितलं की पाच हजार वर्षांतही मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मोरारजींनी सांगितलं की काँग्रेस जिवंत आहे तोवर मिळणार नाही. वाळूत बसलेल्या लोकांनी आधी आरडाओरडा केला, मग चपला आल्या, मग दगड. सभा उधळली.

वाटाघाटीत ‘कधीच नाही’ हे शब्द वापरणाऱ्याने आपल्याच परतीची वाट बुजवलेली असते. थेरेसा मे यांनी २०१८ मध्ये संसदेत सांगितलं होतं की उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमध्ये समुद्रात सीमा आखणं कोणत्याही ब्रिटिश पंतप्रधानाला मान्य होणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांच्याच पक्षाच्या बोरिस जॉन्सनने ती मान्य केली. मुंबईच्या बाबतीत पाच हजार वर्षांचा हिशेब साडेचार वर्षांत आटोपला.

*

चर्नी रोड स्टेशनाजवळ स. का. पाटील उद्यान आहे. सकाळी ज्येष्ठ नागरिक फेऱ्या मारतात, दुपारी झाडाखाली झोपलेले लोक दिसतात. चपला उडाल्या ती चौपाटी इथून हाकेच्या अंतरावर. आचार्य अत्र्यांनी ज्यांना ‘सदोबा’ म्हणून उभ्या महाराष्ट्रात हसं केलं, ते पाटील कोकणातले, मराठी, तीन वेळा मुंबईचे महापौर झालेले. मुंबई वेगळी ठेवा म्हणणारे सगळे बाहेरचे होते, अशी सोय इतिहासाने करून ठेवलेली नाही.

*

दुसऱ्या दिवशी, २१ नोव्हेंबरला, गिरण्या बंद. कामगार फ्लोरा फाउंटनकडे निघाले. विधिमंडळ तेव्हा रीगलजवळच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. राज्य पुनर्रचनेवर आत चर्चा चालू, बाहेर अश्रुधूर आणि मग गोळीबार. पंधरा माणसं गेली. जानेवारीत नेहरूंच्या भाषणानंतर गिरगाव, लालबाग, परळ, दादर अशी आग लागली आणि आकडा शंभराच्या पुढे गेला. पाठ्यपुस्तकात तो १०५ असतो, भाषणांत १०६, कुठे १०७. मेलेल्यांच्या संख्येवर आजही एकवाक्यता नाही.

लंडनच्या कोंडीत गोळीबार झाला नाही. सार्वमताच्या आठवडाभर आधी जो कॉक्स या खासदार बाईंचा भर रस्त्यात खून झाला, आणि त्या एका खुनाने तो देश हादरला. मुंबईतल्या त्या गोळीबारांची न्यायालयीन चौकशीसुद्धा झाली नाही.

*

हुतात्मा चौकातलं शिल्प लांबून सगळ्यांनी पाहिलेलं असतं : शेतकरी आणि कामगार, हातात मशाल. हुतात्म्यांच्या नावांची यादी वाचायला कुणी थांबत नाही. ती वाचावी. पवार आहेत, जाधव आहेत, नागवेकर आहेत. पण चिमणलाल शेठही आहेत. जोसेफ डेव्हिड पेजारकर आहेत. के. जे. झेवियर, पी. एस. जॉन आहेत. वेदीसिंग आहेत. यातले किती जण मोर्च्यात होते आणि किती जण नुसते रस्त्याने चालले होते, हे आता कोण सांगणार? पण मराठी राज्याच्या स्मारकावर एक गुजराती शेठ आणि एक जॉन आहेत, ही गोष्ट १ मेच्या भाषणांत यायला हवी. येत नाही.

*

मुंबई कुणाची, या प्रश्नाला दोन वेगवेगळी मापं लावली जात होती. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदासांची बॉम्बे सिटिझन्स कमिटी भांडवल मोजत होती. गिरण्या कुणी काढल्या, गोद्यांत माल कुणाचा, कर कोण भरतं. जे. आर. डी. टाटांसारखी माणसं त्या समितीत होती. शिवाय शहरात मराठी बोलणारे निम्म्याहून कमी, हा त्यांचा हुकमी मुद्दा.

लालबाग मनीऑर्डरी मोजत होतं. गिरणीतला माणूस रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा. गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा. खानावळवालीचे पैसे चुकते करून उरेल ते टपालाने गावी. त्या पैशावर तिकडे शेतसारा भरला जाई, पोरीचं लग्न होई, गळकं छप्पर शाकारलं जाई. मुंबई वेगळी झाली तर ती दुसऱ्या राज्यातली होणार आणि आपण तिथे उपरे ठरणार, ही त्याची धास्ती होती. ‘मुंबई आमची’ ही घोषणा शहरातल्याइतकीच खेड्यातूनही आली ती याच कारणाने.

ब्रिटनमध्येही लंडन शहराने ६० टक्क्यांच्या आसपास ‘राहू’ म्हटलं आणि जहाजबांधणी बंद पडलेल्या सुंदरलँडने ६१ टक्के ‘जाऊ’. पैसा एक हिशेब करतो, पगार दुसरा. फरक इतकाच की सुंदरलँडला लंडनशी देणंघेणं उरलं नव्हतं, आणि लालबागला मुंबई सोडायचीच नव्हती.

*

डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये धर आयोगाला निवेदन दिलं, त्यात मुंबई महाराष्ट्रातून वेगळी काढण्याच्या मुद्द्यांचा एकेक करून समाचार घेतला. १९५५ च्या अखेरीस भाषिक राज्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, त्यात मात्र मराठी मुलखाचे चार भाग सुचवले : मुंबईचं नगरराज्य, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. परळच्या चाळीत राहिलेला, मग दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधलेला हा माणूस मुंबईला परका नव्हता. त्यांना काळजी होती ती मोठ्या राज्यात एकाच जातीच्या हाती सगळं जाण्याची. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने पुढे संयुक्त महाराष्ट्र समितीला साथ दिली. पण तो प्रश्न त्यांनी नोंदवून ठेवला, आणि समितीतल्या फार थोड्यांनी त्याला उत्तर देण्याची तसदी घेतली.

*

चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री. जुलै १९५६ मध्ये राजीनामा देताना त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. हे वाचताना घोषणाबाजीची सवय असलेला वाचक थोडा हिरमुसतो. भाषा, अस्मिता, शिवराय यातलं मुख्य तक्रारीत काही नाही. कारभार कसा चालावा, एवढंच आहे. मला राजीनाम्याचं हे कारण सगळ्यात भक्कम वाटतं.

जुलै २०१८ मध्ये डेव्हिड डेव्हिस आणि बोरिस जॉन्सन दोन दिवसांत मंत्रिमंडळातून बाहेर पडले. दोघांपैकी एक वर्षभराने पंतप्रधान झाला. देशमुख परत मंत्री झाले नाहीत.

*

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी समाजवादी, डांगे कम्युनिस्ट, शेकाप आहे, हिंदू महासभा आहे, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आहे. एरवी एका ताटात जेवणार नाहीत अशी माणसं एका व्यासपीठावर. १५ नोव्हेंबर १९५६ पासून अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे परळच्या मैदानांवर डफ घेऊन उभे. १९५७ च्या निवडणुकीत मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्र समितीच्या मागे गेला. डांगे मध्य मुंबईतून लोकसभेत, अत्रे दादरमधून विधानसभेत. महापालिकेतही समिती आली. त्याच वर्षी परळचे शिक्षक मो. वा. दोंदे महापौर झाले, पुढच्या वर्षी कम्युनिस्ट मिरजकर.

आणि १९६२? महाराष्ट्राच्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा घेतल्या. ज्यांनी राज्य मिळवलं त्यांना ते चालवायला मिळालं नाही. समितीला जोडणारी मागणी पुरी झाली आणि जोडणारं दुसरं काही नव्हतं. ब्रिटनला बाहेर काढण्यासाठी आयुष्य घातलेला नायजेल फराजही डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत रिकाम्या हाताने राहिला. ३६५ जागा जॉन्सनच्या.

*

डिसेंबर १९५५ मध्ये फलटणला यशवंतराव चव्हाण म्हणाले होते की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर मी नेहरूंना निवडीन. त्यावर महाराष्ट्राने त्यांना काय काय म्हटलं ते इथे उतरवून घेण्यासारखं नाही. वर्षभराच्या आत ते द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झाले. ३९६ जागांची विधानसभा, दोन रुसलेले प्रांत आणि १९५७ मध्ये कराडात थोडक्यात वाचलेली स्वतःची जागा. ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा समितीचे हजारो लोक काळे झेंडे घेऊन वाटेवर उभे होते. एस. एम. जोशींनी शिस्त राखली, चव्हाणांनी पोलिसांना आवरलं. कुणाचं डोकं फुटलं नाही. पण काळे झेंडे नेहरूंनी पाहिले.

कोंडी फुटायला हीच दोन माणसं लागली असं मला वाटतं. बाहेरून दार ठोठावणारा, पण मोडून न टाकणारा. आणि आत बसून राज्य मन लावून चालवणारा, मग वरिष्ठांना सांगणारा की मी चालवून पाहिलं, हे चालणार नाही. मोरारजींनी तसं सांगितलं असतं तर तो विरोधकांपुढे पत्करलेला पराभव दिसला असता. चव्हाणांनी सांगितल्यावर तो अनुभव झाला. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेस अध्यक्ष असताना चक्रं फिरली आणि १ मे १९६० ला राज्य झालं. थेरेसा मे यांच्याकडे पहिल्या प्रकारची माणसं ढिगाने होती, दुसऱ्या प्रकारचं एकही नव्हतं.

*

सुटका फुकट होत नाही. मुंबई पुनर्रचना कायदा, १९६० झाला तेव्हा गुजरातला नवी राजधानी उभारायला आणि सुरुवातीच्या वर्षांची तूट भरायला महाराष्ट्राने पैसे द्यायचे ठरले. डांग गुजरातकडे गेला, उंबरगाव तालुका चिरला गेला. ब्रिटनने युरोपीय संघाला द्यायच्या देण्याचा पहिला अंदाज ३९ अब्ज पौंडांच्या घरात होता. मोर्च्यात याचा हिशेब कुणी मांडत नाही. मांडला तर मोर्चा निघणार नाही.

*

मत कुणाला? हा प्रश्न धोबीतलावच्या गोवेकरांच्या कुडांत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांत, जाऊन विचारावा. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१, बाजूने १,३८,१७०. बोटीवर नोकरी करणारे, कुडात पेटी ठेवून राहणारे मुंबईतले गोवेकर मत देऊ शकले नाहीत. कौल विरोधात गेला, तरी लगेच झालेल्या निवडणुकीत गोव्याने विलीनीकरणवादी दयानंद बांदोडकरांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. तुमचं राज्य हवं, तुमची मागणी नको. इतका बारीक निवाडा मतदार करू शकतो.

२०१६ मध्ये तर आणखी गंमत. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेला गोवेकर युरोपीय नागरिक होता, म्हणून त्याला सार्वमतात मत नव्हतं. त्याचं पोट त्या निकालावर अवलंबून. आणि भारतीय पासपोर्टवर नोकरीसाठी गेलेला, चार वर्षांनी गिरगावात परतणारा सॉफ्टवेअरवाला मात्र राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत देऊ शकत होता.

*

कोंडी फुटते तेव्हा सीमेवर कुणीतरी मागे राहतं. मे यांचा करार अडला तो आयर्लंडच्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर, जिथे १९९८ च्या करारानंतर चौकीपहारे उठले होते. उत्तर आयर्लंडचा १० खासदारांचा डीयूपी पक्ष त्यांना रोज दम देत होता. जॉन्सनने त्या दहांना सोडलं आणि सुटला.

आपल्याकडे बेळगाव. १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं आणि तिथला मराठी माणूस तो दिवस अजून काळा दिवस म्हणून पाळतो. मुंबई मिळेपर्यंत घोषणेत मुंबईबरोबर बेळगाव, कारवार, निपाणी असायचं. मुंबई मिळाली आणि ते भिजत घोंगडं मागे राहिलं. १९६७ मध्ये महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूर राज्यातच, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, ठेवायला सांगितलं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. लालबागच्या मंडळांच्या देखाव्यांत अधूनमधून बेळगाव येतं. सरकारी फायलीत ते कायमच असतं.

*

लालबागच्या गिरण्यांच्या जागी आता काचेचे मनोरे आहेत. वर राहणाऱ्यांपैकी कुणाला भारतमाता सिनेमा ठाऊक असेल तर शपथ. मनीऑर्डर पाठवणाऱ्याचा नातू विरारहून लोकल पकडतो. राज्य मिळवलं ते शहर आपल्या हाती राहावं म्हणून. जमिनीचे भाव कुणाच्या हाती असतात, हा विषय समितीच्या ठरावांत शोधावा लागतो.

*

२०१४ मध्ये स्कॉटलंडने ब्रिटनमध्येच राहायचं असं ५५ टक्क्यांनी ठरवलं. दोन वर्षांनी ब्रिटन युरोपातून निघालं, तेव्हा त्याच स्कॉटलंडने ६२ टक्के मतं युरोपात राहण्यासाठी टाकली. आम्हाला पुन्हा विचारा, अशी त्यांची मागणी आहे. लंडन म्हणतं, एकदा विचारलं ना. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लंडनच्या परवानगीविना सार्वमत नाही. युरोपाने आपल्याला परवानगी विचारायला लावली नव्हती, हे लंडन विसरलं.

*

आपला स्कॉटलंड विदर्भ. मार्च २०१६ मध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सार्वमताच्या तीन महिने आधी, वेगळ्या विदर्भाची बाजू मांडणाऱ्या महाधिवक्ता श्रीहरी अणे यांना पद सोडावं लागलं. मुंबईत त्या दिवसांत जे ऐकू येत होतं ते ओळखीचं होतं. महाराष्ट्राचा तुकडा पडू देणार नाही. हे कधीच होणार नाही. मूठभरांची मागणी आहे. वेगळे झालात तर खाल काय? शेवटचा प्रश्न तर १९५५ मध्ये शेठ लोक मुंबईशिवायच्या महाराष्ट्राला विचारत होते.

वेगळा विदर्भ व्हावा की नाही, याचा निवाडा इथे करायचा नाही. पण २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला काही शब्द दिलेले आहेत. नोकऱ्यांत वाटा, विकासाच्या खर्चात वाटा, आणि विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन नागपुरात. यातला शेवटचा शब्द आपण बहुधा डिसेंबरात पाळतो. मुंबईचे आमदार विमानाने जातात, दोनेक आठवडे सावजी रस्सा आणि थंडी यांच्या गोष्टी करतात आणि संत्रा बर्फीचे पुडे घेऊन परततात. उरलेल्या शब्दांचं काय झालं, असं कुणी विचारलं की सभागृहात गोंधळ होतो आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब.